पॅनेल नंतर येतील, ऊन आधी राखा

इमारतीच्या प्रत्येक भागाचे आयुष्य वेगळे असते. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. सौर पॅनेल पंचवीस-तीस वर्षे वीज देते. स्लॅब, कॉलम आणि भिंती साठ-सत्तर वर्षे सहज टिकतात. इमारत पाडून तिथे दुसरी, मग तिसरी उभी राहिली तरी समोरचा रस्ता एकदा आखला त्याच दिशेने जात राहतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीकांनी प्रिएने हे शहर डोंगरउतारावर नव्याने वसवले, तेव्हा मुख्य रस्ते पूर्व-पश्चिम काढले आणि घरांची अंगणे दक्षिणेच्या उन्हाकडे उघडी ठेवली. घरे केव्हाच पडली, रस्त्यांची ती जाळी अवशेषांत आजही दिसते.

ऊर्जा वाचवणाऱ्या आणि सौरसज्ज, म्हणजे पुढे केव्हाही पॅनेल बसवता येतील अशा इमारतींसाठी शहराने नेमके काय करावे, याचे उत्तर या आयुर्मानांतच आहे. जे नंतर बदलता येत नाही ते शहराने नियमात बांधावे, आणि जे दर दहा वर्षांनी बदलते ते मालकावर सोडावे. रस्त्याची दिशा, शेजारच्या इमारतीची सावली, छताची मोकळी जागा, स्लॅबची ताकद आणि तळापासून गच्चीपर्यंतची केबलची नळी या गोष्टी पहिल्या वर्गातल्या. पॅनेल कोणत्या जातीचे, किती वॅटचे, इन्व्हर्टर कुणाचा, बॅटरी हवी की नको, हा दुसरा वर्ग.

व्यवहारात बहुतेक ठिकाणी नेमके उलटे घडते. नियम सांगतो, ‘अमुक चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर तमुक किलोवॅट बसवा.’ अभिन्यास, म्हणजे भूखंड आणि रस्त्यांचा आराखडा, मंजूर करताना उन्हाचा विचार कुणी केलेला नसतो आणि गच्चीवरची टाकी प्लंबरच्या सोयीने बसलेली असते. मग भोगवटा प्रमाणपत्रापुरती चार पॅनेले टाकीच्या सावलीत उभी राहतात. कागदावर नियम पाळलेला असतो, वीज मात्र जेमतेम येते.

सुरुवात अभिन्यासापासून करू, कारण तिथली चूक दुरुस्त होत नाही. हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. उत्तर गोलार्धात 21 डिसेंबरच्या आसपास दुपारी बाराला सूर्याची क्षितिजापासूनची उंची काढायची, तर 66.5 मधून त्या गावाचा अक्षांश वजा करायचा. 20 अंश अक्षांशावर ती 46.5 अंश येते, म्हणजे 15 मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला साधारण 14 मीटर पडते. 40 अंशांवर तीच सावली 30 मीटर होते आणि 50 अंशांवर 50 मीटरच्या पुढे जाते. हे आकडे ऐन दुपारचे. सकाळी दहाची आणि दुपारी दोनची सावली याहून लांब आणि तिरकी असते. म्हणून एका शहराची सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, दुसऱ्या शहराने जशीच्या तशी उचलणे हा शुद्ध आळस आहे. 50 अंशांवर जे अंतर अपुरे, तेच 20 अंशांवर जमीन वाया घालवणारे ठरू शकते.

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातल्या बोल्डर शहराने 1982 मध्ये यावर एक साधी युक्ती काढली. भूखंडाच्या हद्दीवर एक काल्पनिक भिंत उभी आहे असे समजायचे; काही वस्त्यांत ती 12 फूट उंच, काहींत 25 फूट. 21 डिसेंबरला सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत नव्या बांधकामाने शेजाऱ्याच्या हद्दीत त्या भिंतीहून अधिक सावली टाकायची नाही. या नियमाची खुबी अशी की शेजाऱ्याकडे आज पॅनेल आहे की नाही हे विचारावेच लागत नाही. पुढे कधी बसवावेसे वाटले तर ऊन शिल्लक असेल, एवढीच हमी. दाट वस्तीत भिंत उंच धरली की नियम आपोआप सैल होतो. नकाशा तपासणाऱ्या अभियंत्याला फक्त सावल्यांचा एक तक्ता लागतो, जो अर्जदारानेच जोडायचा असतो.

मोठ्या अभिन्यासात याहून सोपे उपाय आहेत. उंच इमारती भूखंडाच्या उत्तरेला, बसक्या दक्षिणेला. मोकळे मैदान, वाहनतळ, उद्यान अशा जागा उंच इमारतीच्या लगेच उत्तरेला, म्हणजे सावली पडली तरी कुणाचे छत बुडत नाही. दक्षिण गोलार्धात अर्थातच हे सारे उलटे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘दक्षिणमुखी छत’ हा मंत्र वरच्या अक्षांशांवरून आलेला आहे. विषुववृत्ताकडे सरकले आणि पॅनेलचा कल 10 अंशांच्या आसपास ठेवला, तर ते पूर्वेकडे वळले की पश्चिमेकडे याने वर्षाच्या उत्पादनात फार फरक पडत नाही. मग दिशेचा एवढा आग्रह कशासाठी? भिंती आणि खिडक्यांसाठी. 20 अंश अक्षांशावर मार्च-सप्टेंबरच्या संपाताला, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा, दुपारी सूर्य 70 अंशांवर असतो. दक्षिणेच्या 1.2 मीटर उंच खिडकीला 45 सेंटीमीटरचा छज्जा दिला की तिच्यावर ऊन पडत नाही. त्याच दिवशी दुपारी चारला सूर्य पश्चिमेला 28 अंशांवर उतरलेला असतो. तीच खिडकी पश्चिमेच्या भिंतीत असेल तर तिला सावली द्यायला दोन मीटरहून खोल छज्जा लागेल, जो कुणी बांधत नाही. म्हणजे पश्चिमेच्या मोठ्या काचेला आडवा छज्जा हा उपायच नव्हे. तिथे उभ्या पट्ट्या, बाहेरून सरकणारी झडप किंवा मुळातच लहान खिडकी हवी. गरम प्रदेशात रस्ते पूर्व-पश्चिम असले की ओळीतल्या घरांची तोंडे आपोआप उत्तर-दक्षिण होतात, आणि थंड हवा करणारे यंत्र किती तास चालणार हे तिथेच बऱ्याच अंशी ठरते. अगदी काटेकोर पूर्व-पश्चिमेची गरज नाही; वीसेक अंश इकडे-तिकडे चालते. जमिनीचा उतार आणि पाण्याचा निचरा सांभाळायला एवढी मुभा पुरते.

आता दाटीचा प्रश्न. यावर सौरऊर्जेचे समर्थक सहसा बोलत नाहीत. दहा मजली इमारत घ्या. मजल्यावर चार घरे, छत 400 चौरस मीटर. जिन्याची खोली, लिफ्टची मशीन रूम, टाक्या, अग्निशमनाची वाट आणि सावलीचे पट्टे वजा केले तर फार तर 40 ते 50 टक्के जागा हाती लागते. कललेल्या ओळींत पॅनेल लावायला, मधली अंतरे धरून, किलोवॅटला 8 ते 10 चौरस मीटर लागतात. म्हणजे 20 किलोवॅटच्या आसपास, घरटी अर्धा किलोवॅट. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात एक किलोवॅट दिवसाला सरासरी 4 युनिट देतो असे धरले तर प्रत्येक घराच्या वाट्याला दोनच युनिट. याउलट 100 चौरस मीटर छताच्या दुमजली घराला निम्मी जागा मिळाली तरी 5 किलोवॅट बसतात आणि 20 युनिट मिळतात.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, उंच इमारतीकडून ‘स्वतःच्या विजेत स्वयंपूर्ण व्हा’ अशी अपेक्षा धरणारा नियम भौतिकशास्त्राशी भांडतो. तिथल्या छताने पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्याचे दिवे हा सामाईक भार उचलला तरी पुष्कळ. इस्रायलने 1980 मध्ये नव्या इमारतींवर सौर पाणीतापक सक्तीचे केले, तेव्हा 27 मीटरहून उंच इमारतींना सूट दिली होती, कारण तेवढ्या मजल्यांना पुरेल एवढे छतच नसते. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा: इमारत जितकी उंच, तितका भर छतावरून काढून भिंती, काच आणि यंत्रांवर टाकायला हवा. उंच शहरात न लागलेली वीज हीच खरी वीजनिर्मिती.

याच ठिकाणी वाढीव चटईक्षेत्राचे, म्हणजे भूखंडावर जास्त बांधू देण्याचे आमिष मला आक्षेपार्ह वाटते. हरित इमारतीला बक्षीस म्हणून अधिक चटईक्षेत्र देणे शहरांना सोयीचे असते, कारण तिजोरीतून काही जात नाही. पण वाढीव चटईक्षेत्र म्हणजे वाढीव उंची, आणि वाढीव उंची म्हणजे उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या छतावर सावली. एका इमारतीला सौर केल्याचे बक्षीस दुसरीचे ऊन कापून दिले जाते. शिवाय हे बक्षीस नकाशा मंजूर होतानाच हाती पडते. पुढे पॅनेल काढून टाकले, हलकी काच बसवली, तरी वरचे दोन मजले कुणी पाडत नाही.

बक्षीसच द्यायचे तर शेजाऱ्याचे काही न जाणारे द्यावे, आणि त्याआधी स्वतःच्या नियमातले अडथळे काढावेत. बहुतेक नियमावल्यांत भिंतीची पूर्ण जाडी चटईक्षेत्रात मोजतात. 10 बाय 10 मीटरच्या घराला बाहेरून 10 सेंटीमीटरचे उष्णतारोधक आवरण द्यायचे आणि हद्द तीच ठेवायची, तर मालकाचे आतले सुमारे 4 चौरस मीटर जातात. चार टक्के जागा गमावण्यापेक्षा कोण पातळ भिंतीवर समाधान मानणार नाही? आवरणाची जाडी चटईक्षेत्रातून आणि सामासिक अंतरातून वगळणे हा एका ओळीचा बदल आहे. तसेच छज्जे आणि उभ्या पट्ट्या सामासिक अंतरात पाऊण मीटरपर्यंत येऊ द्याव्यात. गच्ची वापरात राहावी म्हणून अडीच मीटर उंच सांगाड्यावर पॅनेल लावले तर काही ठिकाणी तो वाढीव मजला किंवा आच्छादित क्षेत्र समजला जातो. भिंतींनी न बंदिस्त केलेला पॅनेलचा मांडव उंचीच्या आणि क्षेत्राच्या मोजणीतून स्पष्ट शब्दांत वगळायला हवा, नाहीतर प्रत्येक फाइल अधिकाऱ्याच्या मर्जीवर लटकते.

छत सौरसज्ज करणे म्हणजे नेमके काय, हे नियमात जितके बारकाईने लिहावे तितके थोडे. ‘सौर व्यवस्थेसाठी तरतूद करावी’ या वाक्याचा बांधकामाच्या जागेवर काहीही अर्थ होत नाही. अमेरिकेतल्या आदर्श ऊर्जासंहितेच्या परिशिष्टात स्वतंत्र घरांसाठी हे नेमके लिहिले आहे: छतावर किमान 300 चौरस फूट, म्हणजे सुमारे 28 चौरस मीटर मोकळा सौरपट्टा, छताने किती भार धरला आहे याची नकाशावर नोंद, विजेच्या मुख्य बोर्डमध्ये दोन पोलच्या ब्रेकरची राखीव जागा आणि तिच्यावर ‘भावी सौर विजेसाठी’ अशी पट्टी, शिवाय या सगळ्याचा दाखला त्या बोर्डजवळ कायमचा लावलेला. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2014 पासून असाच सौरपट्टा लागू केला, एकेरी घराला 250 चौरस फूट. प्रत्यक्ष पॅनेलची सक्ती त्यांनी नव्या घरांवर 1 जानेवारी 2020 पासून आणली. आधी जागा, मग पॅनेल हा क्रम शहाणपणाचा होता. मधल्या काळात बांधकाम करणारे, वीजतंत्री आणि तपासनीस तिघेही तयार झाले.

या यादीत जागेवरचे काही बारकावे घालायला हवेत. पहिला सावलीचा. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि पॅनेलेही तशीच ओळीत जोडतात. पाण्याच्या नळीत एक जागी चिमटा बसला की सगळा प्रवाह रोडावतो, तसे एका सेलवरच्या सावलीने होते. सावलीतल्या सेलना वळसा घालून प्रवाह नेणारा बायपास डायोड हा चिमटा टाळतो, पण सामान्यतः एका पॅनेलला तीनच डायोड असतात. म्हणजे एका सेलच्या सावलीने तिसरा हिस्सा जातो, आणि उभ्या लावलेल्या पॅनेलच्या खालच्या कडेवर आडवी सावली पडली तर जवळजवळ सगळेच. म्हणून उत्तर गोलार्धात टाकी, लिफ्टची खोली, डिश अँटेना, मोबाइलचा मनोरा हे सारे छताच्या उत्तर कडेला. 20 अंश अक्षांशावर दोन मीटर उंच टाकी दक्षिणेच्या कडेला ठेवली तर डिसेंबरातल्या दुपारी ती जवळजवळ दोन मीटर आत सावली टाकते आणि सकाळ-संध्याकाळ ती सावली गच्चीवरून पंख्यासारखी फिरते. टाकी कुठे ठेवायची हे नकाशावर ठरते, खर्च शून्य. नंतर हलवायची तर खालचे बीम, नळ सगळेच आले.

ओळींमधले अंतरही अक्षांशावरच ठरते. दोन मीटर लांबीचे पॅनेल 20 अंश कलले की त्याची वरची कड सुमारे 68 सेंटीमीटर उचलली जाते. डिसेंबरात सकाळी नऊलाही मागच्या ओळीवर सावली पडू द्यायची नसेल तर 20 अंश अक्षांशावर सुमारे 85 सेंटीमीटर मोकळे अंतर पुरते, 40 अंशांवर दोन मीटर लागतात. सौरपट्ट्याचे किमान क्षेत्र ठरवताना शहराने हा हिशेब स्वतःच्या अक्षांशाने करावा.

दुसरा बारकावा भाराचा, आणि इथे बहुतेक जण चुकीच्या दिशेने घाबरतात. पॅनेल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला 15 ते 20 किलो भरतात. माणसे वावरतील म्हणून जो भार गच्चीसाठी धरतात त्यापुढे हे किरकोळ आहे. खरी काळजी वाऱ्याच्या उचलीची. सेकंदाला 40 मीटर, म्हणजे ताशी 144 किलोमीटर वाऱ्याचा मूळ दाब चौरस मीटरला सुमारे 98 किलो येतो. कललेले पॅनेल हे शिडासारखे असल्याने स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट जोराने ते उचलले जाऊ शकते, आणि छताच्या कडा-कोपऱ्यांवर ही ओढ मधल्या भागाहून पुष्कळ अधिक असते. म्हणून सांगाडा स्लॅबमध्ये, शक्यतो बीमवर, पकडलेला हवा. स्लॅब टाकतानाच बोल्टसह ओतलेले 30 सेंटीमीटरचे काँक्रीटचे ठोकळे ठेवले की वॉटरप्रूफिंग त्यांच्या बाजूने वर चढवता येते. नंतर ड्रिल मारून बोल्ट ठोकले की वॉटरप्रूफिंगला तितकी भोके पडतात, पहिल्याच पावसाळ्यात खालच्या छताला ओल येते आणि वॉटरप्रूफिंगवाला हमी झटकून मोकळा होतो. बोल्ट टाळण्यासाठी नुसती वजने ठेवायची, तर त्यांचा भार स्लॅबच्या हिशेबात आधी धरलेला असायला हवा.

तिसरा नळीचा. गच्चीपासून मीटरच्या खोलीपर्यंत 40 मिलिमीटर व्यासाच्या निदान दोन रिकाम्या नळ्या, त्यांत नायलॉनची दोरी ओवलेली, दोन्ही तोंडे टोपणाने बंद. वळणे मोठ्या त्रिज्येची आणि दोन खेचपेट्यांच्या मध्ये काटकोनी वळणे दोनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर जाड केबल ओढताना अडकते. टोपण नसेल तर नळीत पावसाचे पाणी, सिमेंटचा राडा, उंदीर यांपैकी काहीतरी शिरतेच. इन्व्हर्टरसाठी सावलीतली, हवा खेळती राहील अशी भिंत. तळपत्या गच्चीवर तो तापला की स्वतःच उत्पादन कमी करतो. मीटरच्या खोलीत दुसऱ्या मीटरची जागा आणि बसबारची, म्हणजे वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीची, क्षमता सौर प्रवाह धरून. अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा. गच्चीवर धुण्यासाठी नळ, कारण धुळीच्या प्रदेशात पॅनेल धुतले नाही तर उत्पादन घटत जाते. छताच्या कडेने आणि मधोमध सुमारे एक मीटरची वाट, अग्निशमन दलासाठी आणि धुणाऱ्यासाठीही.

पाणी तापवणारी व्यवस्था हवी असेल तर तिच्या उष्णतारोधक नळ्यांची जागा वेगळी, आणि ती शाफ्टमध्ये आधीच धरावी लागते. बार्सिलोनाने 1999 मध्ये अध्यादेश काढून नव्या आणि मोठ्या दुरुस्तीच्या इमारतींना गरम पाण्याच्या ऊर्जेचा 60 टक्के हिस्सा उन्हातून घ्यायला लावला आणि पुढे 2006 मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत तशी अट आली. एक शहर पुढे गेले की देश मागून येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. लंडनमधल्या मर्टन या उपनगराच्या स्थानिक प्रशासनाने 2003 मध्ये मोठ्या बिगरनिवासी बांधकामांना 10 टक्के ऊर्जा जागेवरच नवीकरणीय स्रोतांतून मिळवण्याची अट घातली, तेव्हाही असेच झाले; इतर नगरपालिकांनी ती उचलली.

छतावर एवढे लिहिल्यावर हेही सांगायला हवे की ऊर्जेच्या हिशेबात पॅनेलआधी स्लॅबचा, भिंतीचा आणि काचेचा क्रम लागतो. 15 सेंटीमीटरच्या उघड्या काँक्रीट स्लॅबमधून उष्णता आत येण्याचा दर, ज्याला यू-मूल्य म्हणतात, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकाला चौरस मीटरमागे साडेतीन वॅटच्या आसपास असतो. त्यावर 5 सेंटीमीटरचा चांगला फोम घातला की तो सुमारे सातव्या हिश्शावर, म्हणजे 0.5 वॅटवर येतो. भारताच्या 2018 च्या निवासी इमारतींसाठीच्या ऊर्जासंहितेने छताला 1.2 ची मर्यादा घातली आहे आणि थंड हवामान सोडून इतरत्र भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरमागे 15 वॅटपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे. हा दुसरा आकडा मला आवडतो, कारण तो साहित्य लादत नाही. पश्चिमेला मोठी काच हवीच असेल तर खोल सावली द्या, किंवा भिंत सुधारा. बेरीज 15 च्या आत बसवा म्हणजे झाले. हातातल्या तक्त्यावर तो काढता येतो, महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. लहान घरांना तर एवढेही नको. त्यांच्यासाठी एका पानाचा तक्ता पुरे: छताचा थर इतका, खिडकी भिंतीच्या इतके टक्के, छज्जा इतका. गणिताची सक्ती लहान मालकावर केली की तो गणित करत नाही, सही विकत घेतो.

नियम इथपर्यंत बरोबर लिहिला तरी तो बिघडतो बांधकामाच्या शेवटच्या टप्प्यात. फोमचा थर सलग हवा, पण कठड्याच्या बुंध्याशी आणि बीमच्या टोकाशी तो तुटतो आणि उष्णता तिथून आत शिरते. नकाशातली काच कमी उष्णता घेणारी असते. ऐन वेळी पुरवठा उशिरा येतो म्हणून साधी बसते, आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. वातानुकूलन यंत्राची बाहेरची पेटी अरुंद डक्टमध्ये एकावर एक रचली की खालच्या पेटीची गरम हवा वरची शोषते आणि प्रत्येक मजल्यागणिक यंत्र अधिक वीज खाते. हा डक्ट वास्तुविशारदाने दर्शनी भाग सुंदर राहावा म्हणून काढलेला असतो!

म्हणून तपासणी एकदाच, शेवटी, ही पद्धत इथे निरुपयोगी आहे. अभिन्यासाच्या वेळी सावलीचा तक्ता. बांधकाम परवानगीच्या वेळी छताचा नकाशा, ज्यावर टाकी, ठोकळे, नळ्या, वाटा सगळे दाखवलेले. शेवटचा स्लॅब भरण्याआधी नळ्यांचे आणि बोल्टांचे फोटो, मोजपट्टी लावून. काच बसताना पाकिटावरचे लेबल आणि पुरवठ्याची पावती. हे चौथे काम अंमलबजावणीत नेहमी गळते. शहराकडे माणसे नसतील तर अनामत रक्कम घ्यावी आणि वर्षभराच्या मीटरच्या नोंदी दिल्यावर परत करावी. मग नोंदी आणण्याची घाई बांधणाऱ्याला असते.

शहराच्या हातात नियमाशिवाय आणखी एक साधन असते: स्वतःची जमीन. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराने 1992 मध्येच ठरवले की शहर विकेल त्या जमिनीवर चौरस मीटरला वर्षाला 65 युनिटहून कमी तापऊर्जा लागणारीच घरे बांधायची, आणि अट विक्रीच्या करारातच घातली. कायदा बदलण्याची वाट पाहावी लागली नाही. तोक्योने डिसेंबर 2022 मध्ये वेगळी वाट निवडली. एप्रिल 2025 पासून लागू झालेली सौर सक्ती लहान घरांच्या बाबतीत प्रत्येक मालकावर नाही, तर वर्षाला मोठे क्षेत्र बांधणाऱ्या कंपन्यांवर आहे. त्यांनी आपल्या एकूण घरांत मिळून लक्ष्य गाठायचे. सावलीतल्या घराला जबरदस्तीने पॅनेल लावावे लागत नाही, उन्हातल्या घरावर जास्त लावता येते.

विरोधातला सर्वांत रास्त मुद्दा झाडांचा आहे. शहराला सावलीही हवी आणि ऊनही. कॅलिफोर्नियात 1978 च्या कायद्याने शेजाऱ्याच्या झाडाला पॅनेलवर ठरावीक प्रमाणाबाहेर सावली टाकायला मनाई केली होती. मग पॅनेलच्या आधीपासून असलेल्या झाडांवर खटला उभा राहिला आणि 2008 मध्ये कायदा बदलून पॅनेल लागण्यापूर्वीच्या झाडांना संरक्षण द्यावे लागले. भांडण न्यायालयात जाण्याऐवजी अभिन्यासात मिटते. रस्त्याच्या कडेला, विशेषतः पश्चिम भिंतींसमोर, उंच झाडे लावावीत. बसक्या छतांच्या दक्षिणेला मध्यम उंचीची जात निवडावी. छताची उंची आणि झाडाची पूर्ण वाढलेली उंची एकाच नकाशावर काढली की बहुतेक ठिकाणी वादच उरत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर झाड जी उष्णता अडवते ती पाहता, दोघांत एकाची निवड करायची वेळ आली तर मी झाड ठेवीन.

सामाईक इमारतींत मात्र अडचण मालकीची असते. छत कुणाचे, हे विक्रीच्या करारात मोघम असते. वरच्या मजल्याचा मालक गच्ची आपली समजतो, बांधकाम करणारा जाहिरातीच्या फलकासाठी ती राखून ठेवतो. सौरपट्टा ही सर्वांची सामाईक जागा आहे आणि ती दुसऱ्या कामाला देता येणार नाही, हे वाक्य परवानगीच्या अटींत आणि करारात एकाच शब्दांत आले पाहिजे. नाहीतर पाच वर्षांनी तिथे तात्पुरती म्हणून पत्र्याची शेड उभी राहते.

खर्चाचा आक्षेप सौरसज्जतेला लागू होत नाही, पॅनेलच्या सक्तीला लागू होतो. आणि या दोन्हींची सरमिसळ विरोधक मुद्दाम करतात. दोन नळ्या, काही ठोकळे, एका ब्रेकरची जागा, टाकी उत्तरेला. स्लॅब भरण्याआधी हे प्लंबर आणि वीजतंत्र्याच्या चालू कामातच बसते. तेच नंतर करायचे तर प्रत्येक मजल्यावर भिंत फोडणे, बाहेरून नळी ओढायला परांची, नवे वॉटरप्रूफिंग आणि सगळ्या रहिवाशांची संमती.

भोगवटा प्रमाणपत्राआधीची शेवटची तपासणी यामुळे फार सोपी करता येते. तपासनीसाने गच्चीवर जावे, नळीचे टोपण काढावे आणि आतली दोरी ओढून पाहावी. खाली मीटरच्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ती हलली तर सही करावी. हलली नाही तर प्रमाणपत्र तिथेच थांबवावे. स्लॅबमध्ये नळी कुठे चेपली असेल हे सांगू शकणारा सुपरवायझर त्या दिवशी तरी साइटवर असतो.